मोडीतले मोल

नाशिकच्या भांडीबाजारात एखादी गृहिणी पोचे पडलेली, बुडाशी गळणारी कळशी घेऊन गेली, तर ती कळशी टाकाऊ समजली जात नाही. ती तराजूत पडते. तिच्यावरचे डाग, आतले कथील, सांध्यात साचलेली माती यांची घट वजा होते, उरलेल्या धातूचा भाव ठरतो आणि तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वळती केली जाते. नव्या भांड्याच्या किमतीचेही दोन भाग असतात. एक धातूचा, दुसरा घडणावळीचा. धातू गिऱ्हाइकाचाच, तो रूप बदलून त्याच्याकडे परत जातो. खर्च होते ती मजुरी आणि थोडी घट. या व्यवहाराला व्यापारात 'मोड' म्हणतात. आपल्याकडची कित्येक पिढ्यांची गृहव्यवस्था या एका शब्दावर उभी होती.

अलीकडे 'टाकाऊतून टिकाऊ' या कल्पनेला मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. शहरांतून प्रदर्शने भरतात, महाविद्यालयांतून स्पर्धा होतात, आणि वापरून झालेली वस्तू पुन्हा उत्पादनात आणणाऱ्या व्यवस्थेला 'चक्रीय अर्थव्यवस्था' असे भारदस्त नावही मिळाले आहे. हा विचार परदेशातून आला अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः तांबटाचा तराजू हे त्या विचाराचे आपल्या घरातले, रोजच्या वापरातले रूप होते. प्रश्न आहे तो ते रूप का मोडले, आणि त्यातले काय पुन्हा उभे करण्याजोगे आहे, एवढाच. या प्रश्नाचे उत्तर जुन्या काळाविषयीच्या हळहळीत सापडणार नाही. ते हिशेबात शोधावे लागेल.

तांब्याची परीक्षा

भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य या देशात आले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय रचना संस्था स्थापन झाली. औद्योगिक युगात भारतीय वस्तूंची गुणवत्ता कशी राखावी, हा त्यांच्यापुढचा विषय होता. त्यांनी देशभर हिंडून असंख्य वस्तू पाहिल्या आणि त्यांतून सर्वश्रेष्ठ म्हणून निवडला तो साधा लोटा. आपल्या घरातला तांब्या. तो कोणा एका माणसाने रचलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने त्याला आकार दिला आहे, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

त्या अहवालाचा उल्लेख अधूनमधून होतो. परंतु त्यातील एका बारकाव्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तांब्याची रचना करायला बसलेल्या माणसाने कोणकोणते प्रश्न विचारले पाहिजेत याची एक लांबलचक यादी ईम्स दांपत्याने दिली आहे. त्यात किती पाणी मावावे, ते ओतताना धार कशी पडावी, भांडे डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचे, रिकामे असताना आणि भरलेले असताना त्याचा तोल कसा राहतो, हे प्रश्न आहेतच. पण त्याच यादीत आणखी एक प्रश्न आहे. या भांड्यात गुंतविलेला पैसा वस्तू म्हणून किती मोलाचा, आणि ती मोडीत निघाल्यावर किती मोलाचा? वस्तूच्या जन्माआधीच तिच्या अंताचा विचार करणे हा उत्तम रचनेचा भाग आहे, हे त्या पाहुण्यांनी ओळखले होते. आपल्या तांबटाला ते सांगावे लागले नव्हते, कारण त्याचे गिऱ्हाईकच मोडीचा भाव आधी विचारून मग भांडे घेत असे.

नाशिकला या धंद्याची परंपरा मोठी आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येथील तांब्या-पितळेच्या कामाची नोंद आहे. तीर्थक्षेत्रामुळे ताम्हन, पळी, पंचपात्री, गडू यांना यात्रेकरूंचे बारमाही गिऱ्हाईक होते. आणि आसपासच्या खेड्यांतून लग्नसराईत हंडे, घंगाळी, पराती, बंब यांची मागणी येई. मुलीला दिलेल्या भांड्यावर तिचे नाव आणि तारीख घालून देण्याची रीत होती. ही भांडी संसाराची साधने होती, तशीच ती स्त्रीची बचतही होती. बँकेचे पासबुक नसलेल्या घरात फडताळावर ओळीने मांडलेली भांडी हीच शिल्लक असे. अडचणीच्या वर्षी, दुष्काळात किंवा दुखण्यात, एखादा हंडा मोडीत जाई आणि सुगीनंतर, जमले तर, पुन्हा घडविला जाई.

धातूचा स्वभाव

हे चक्र चालू शकले याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि कितीही वेळा वितळविले तरी, शुद्ध केले की त्याचे गुण कायम राहतात. खनिजापासून नवे तांबे काढण्यापेक्षा जुन्याचे नवे करण्यास लागणारी ऊर्जा ८५ टक्क्यांपर्यंत कमी असू शकते. प्लॅस्टिकचे तसे नाही. ते प्रत्येक वितळणीत आपली ताकद थोडी थोडी गमावते. आजची पाण्याची बाटली उद्या पुन्हा तशीच बाटली होईल याची खात्री नसते; ती बहुधा हलक्या दर्जाची दुसरी वस्तू होते आणि अखेर एका टप्प्यावर तिचा प्रवास कचऱ्याच्या डोंगरावर संपतो. नाशिक जिल्ह्यातच मालेगावात भंगार प्लॅस्टिकपासून पाइप बनविणारे कारखाने आहेत. त्यांचे काम उपयुक्त आहे. पण ते उतरणीवरच्या धातूचे, किंबहुना उतरणीवरच्या द्रव्याचे काम आहे. तांबटाचे काम सपाटीवरचे होते.

तांबटाचे कसबही या स्वभावाशी जुळवून घेतलेले असते. पत्रा ठोकत गेले की तो कडक होतो आणि एका मर्यादेनंतर तडकतो. म्हणून तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. असे तापविणे आणि ठोकणे आलटून पालटून चालते. शेवटी भांडे मठारले जाते, म्हणजे त्याच्या सर्वांगावर हातोड्याचे सारखे, एकाला एक लागून घाव घातले जातात. प्रदर्शनात हे भांडे पाहणाऱ्याला त्या घावांची नक्षी दिसते. वस्तुतः ती नक्षी नव्हे. पातळ पत्र्याला जाड पत्र्याची ताकद देण्याची ती युक्ती आहे. धातूची बचत आणि भांड्याची शोभा एकाच घावात साधली जाते.

त्या व्यवस्थेला पूरक असे आणखी दोन व्यवसाय होते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून कल्हईवाला लागे. तो भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, कथलाचा पातळ थर कापसाने आतून फिरवी. आणि गळके भांडे डाग देऊन सांधणारा कारागीर लागे. म्हणजे दुरुस्ती आधी, मोड शेवटी, असा क्रम होता. आजच्या भाषेत ज्याला वस्तूचे आयुष्य वाढविणे म्हणतात, ते गल्लीच्या तोंडाशी भाता फुंकीत बसलेला माणूस करीत असे.

हार का झाली?

मग असे असता ही व्यवस्था मागे का पडली? पाश्चात्त्यांचे अनुकरण, चंगळवाद अशी उत्तरे सोपी आहेत. पण ती अपुरी आहेत. भरलेला पितळी हंडा कमरेवर घेऊन येणाऱ्या बाईला विचारले असते, तर तिने वेगळे उत्तर दिले असते. हंडा जड होता. पराती रोज चिंचेने आणि राखेने घासाव्या लागत. कल्हई उडाली की पुन्हा पैसे मोजावे लागत. आधी 'जर्मन'ची म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आली, मग स्टेनलेस स्टील आले. स्टीलला कल्हई नको, चिंच नको. ते कळकत नाही आणि चकचकीत दिसते. घरात नळ आल्यावर पाण्याच्या साठवणीचे हंडे-पिंप अनावश्यक झाले, आणि गॅस आल्यावर बंबाचे कामच उरले नाही. या बदलाने बायकांच्या कष्टांत जी घट झाली, ती नाकारून जुन्या भांड्यांचे गोडवे गाणे हा अन्याय होईल.

स्टीलच्या बाबतीत आणखी एक न्याय केला पाहिजे. स्टीललाही मोड आहे. भंगारवाला ते वजनावर घेतो. दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देते, म्हणजे दोन पुनर्वापरांची ती गाठ मारते. खरा घात झाला तो त्यानंतरच्या पायरीवर, जेव्हा प्लॅस्टिकचा मग, बादली, डबा, पत्रावळ आणि पिशवी यांनी घर भरले. घरात प्रथमच अशा वस्तू आल्या की ज्यांना मोडीत जवळजवळ मोलच नव्हते. मोल नसलेली वस्तू कोणी परत आणीत नाही. ती नाल्यात जाते आणि नाल्यातून गोदावरीत.

गरिबाचे व्याज

येथे हिशेबाचा प्रश्न येतो. समजा, अर्धा किलो वजनाचा एक तांब्या ८०० रुपयांना मिळतो. त्यात ५०० रुपये धातूचे आणि ३०० घडणावळीचे. २४ वर्षांनी, भाव तेवढाच धरला तरी, घट वजा जाता त्याची ४०० रुपये मोड येते. म्हणजे २४ वर्षांचा खरा खर्च ४०० रुपये. याउलट प्लॅस्टिकचा ८० रुपयांचा जग तीन वर्षे टिकतो असे धरले, तर २४ वर्षांत आठ जग लागतील. खर्च ६४० रुपये आणि शेवटी हाती काही नाही. या हिशेबाने तांब्या स्वस्त ठरतो, आणि पर्यावरणावरच्या व्याख्यानांत तो असाच सांगितला जातो.

पण हा हिशेब व्याज सोडून केलेला आहे. ज्या कुटुंबाला ८०० रुपये शेकडा दोन रुपये महिना दराने उसने आणावे लागतात, त्याला वर्षाला १९२ रुपये नुसते व्याज पडते. प्लॅस्टिकच्या जगाचा वार्षिक खर्च २७ रुपयांच्या आत आहे. अशा कुटुंबाने जग घेतला तर ते अडाणी आहे किंवा पर्यावरणाचे शत्रू आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. त्याचा निर्णय त्याच्या परिस्थितीत अगदी बरोबर आहे. चूक असेल तर ती किमतीत आहे. त्या ८० रुपयांत जग उचलून नेण्याचा, पुरण्याचा, जाळण्याचा, नदी साफ करण्याचा खर्च धरलेला नाही. तो महापालिकेच्या तिजोरीवर आणि खालच्या गावांच्या पाण्यावर पडतो. तांब्या घेणारा मात्र आपल्या वस्तूचा सगळा भार स्वतःच आगाऊ उचलतो. एकाचा खर्च समाजावर ढकललेला आणि दुसऱ्याचा खर्च त्याच्याच डोक्यावर, अशी ही विषम शर्यत आहे. केवळ उपदेशाने ती समान होणार नाही.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी घातली. बंदीने वस्तू दुकानाच्या फळीवरून खाली जाते. पण तिच्या जागी काय आणि कोणत्या भावात येणार, याचे उत्तर बंदी देत नाही. मोडीची व्यवस्था देत होती.

कसब कोणाचे, मोल कोणाला?

टाकाऊ मालातून नव्या वस्तू घडविण्याचे जे प्रयोग सध्या होत आहेत, त्यांकडे या दृष्टीने पाहावे लागेल. पुण्यात फेकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, वाळवून, त्यांच्या पट्ट्या कापून, त्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणणारे उद्योग उभे राहिले आहेत. त्यातून स्त्रियांना काम मिळाले, मागावरच्या हातांना नवे कापड मिळाले, हे मोठेच काम आहे. तरी एक शंका उरतेच. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि सुताचा ताणा यांची वीण घातलेली पिशवी फाटली, की तिचे पुढे काय? सूत आणि प्लॅस्टिक पुन्हा वेगळे करणे अवघड. म्हणून तिला मोड नाही. कचऱ्याचे आयुष्य वाढले, चक्र मात्र पुरे झाले नाही.

हाच दोष स्वयंपाकघरातल्या कित्येक नव्या वस्तूंत आहे. तळाला तांबे लावलेले स्टीलचे पातेले घ्या. शिजविण्यास ते उत्तम. पण मोडीच्या वेळी दोन धातू अलग करणे परवडत नाही आणि दोघांचेही मोल घसरते. जुना तांब्या एकाच धातूचा होता, हे त्याच्या रचनेतले मोठे शहाणपण आहे. रचनेच्या विद्यार्थ्याने वस्तू कचऱ्यातून बनली का, हे विचारावेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न ती वस्तू उद्या कचऱ्यातून बाहेर काढता येईल का, हा आहे.

दुसरा प्रश्न मजुरीचा. गोधडी ही महाराष्ट्राची अस्सल टाकाऊतून घडविलेली वस्तू. विरलेली नऊवारी, फाटके धोतर, लेकराची झबली यांचे थर एकावर एक घालून, दुपारच्या सवडीत बाया ती शिवीत. तिला बाजारभाव नव्हता, कारण ती बाजारासाठी नव्हतीच. आणि शिवणाऱ्या बाईच्या वेळाला कोणी मोल लावत नव्हते. आज तीच गोधडी शहरातल्या दालनात टांगली जाते, आणि तिच्या शेजारी पर्यावरणाची चिठ्ठी लावलेली असते. समजा, एका गोधडीला ६० तास लागतात आणि शिवणारीला १२०० रुपये मिळतात. मग तिच्या पदरात तासाला २० रुपये पडले. गोधडी कितीही देखणी असली, चिंध्या कितीही वाचल्या, तरी या दराला न्याय्य म्हणता येणार नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा साठतो. म्हणजे कच्च्या मालाची ददात नाही. दुर्मीळ आहे ते कसबी हाताचे श्रम. जे दुर्मीळ, त्यालाच सर्वांत कमी मोल, हा बाजाराचा उफराटा न्याय आहे. कचरा फुकट मिळतो म्हणून त्यावर काम करणाराही स्वस्तात मिळावा, ही अपेक्षा त्याच्या मुळाशी आहे.

पुण्यात कचरावेचक स्त्रियांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि आपण भिकारी नसून कामगार आहोत, हे पालिकेकडून मान्य करून घेतले. पुनर्वापराच्या साखळीत पहिला दुवा या बायांचा आहे. रचनाकाराचे नाव वस्तूवर छापले जाते. वेचणारीचे आणि शिवणारीचे नाही. निदान किमतीत तरी त्यांचा वाटा दिसला पाहिजे. जुन्या मोडीच्या व्यवहारात धातूचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी सांगितली जाई, हा केवढा प्रामाणिकपणा होता! आजच्या हस्तकलेच्या वस्तूंवर अशी फोड छापली, तर गिऱ्हाइकाला आपण कशाचे पैसे देतो ते कळेल, आणि काही दुकानदारांची पंचाईतही होईल.

करांचा आणि योजनांचा हातभार

सरकारी धोरणाने या व्यवसायाला कितपत साथ दिली आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून तांब्याच्या घरगुती भांड्यांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. परंतु तांब्याच्या भंगारावरचा कर १८ टक्केच आहे. भंगारवाला नोंदणीकृत नसेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून हा कर भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर टाकलेली आहे. म्हणजे १०० रुपयांच्या भंगारावर १८ रुपये भरायचे, आणि त्यातून घडलेले भांडे १५० रुपयांना विकले तर त्यावर साडेसात रुपये वसूल करायचे. मधले साडेदहा रुपये अडकून पडतात. ते परत मागण्याची सोय कायद्यात आहे. पण त्यासाठी हिशेबनीस लागतो, संगणक लागतो, आणि थांबण्याची ऐपत लागते. मोठ्या कारखानदाराकडे ती असते. ज्याची उलाढाल ४० लाखांच्या आत असल्यामुळे नोंदणीच नाही, अशा छोट्या तांबटाला तर परतावाही नाही; कर त्याच्या पत्र्याच्या किमतीतच मुरलेला असतो. जुन्या धातूवर जास्त कर आणि नव्या वस्तूवर कमी, ही रचना पुनर्वापराच्या घोषणेशी सरळ विसंगत आहे.

दुसरे उदाहरण प्रशिक्षणाचे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशा तरतुदी आहेत. त्यातील १८ व्यवसायांच्या यादीत लोहार, सोनार, कुंभार, सुतार यांची नावे आहेत. तांबटाचे किंवा कासाराचे स्वतंत्र नाव नाही. ज्या व्यवसायाचे नाव यादीत येत नाही, त्याचे शिक्षण, त्याची मोजदाद आणि अखेर त्याचे अस्तित्व हळूहळू विस्मरणात जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. परंतु परिणाम तोच होतो.

या गोष्टीला राष्ट्रीय बाजूही आहे. मे २०१८ मध्ये तुतिकोरिनचा, वर्षाला चार लाख टन क्षमतेचा, तांबे शुद्ध करण्याचा कारखाना गोळीबार आणि १३ बळींच्या भीषण प्रसंगानंतर बंद झाला. त्यानंतर शुद्ध तांब्याची निव्वळ निर्यात करणारा हा देश निव्वळ आयात करणारा झाला. नव्या तांब्यासाठी हवा, पाणी आणि माणसे किती किंमत मोजतात, हे त्या घटनेने दाखविले. अशा वेळी माळ्यावर पडून असलेले प्रत्येक घंगाळ ही एक छोटी खाण आहे, आणि त्या खाणीला ना धूर आहे ना गाळ.

सिंहस्थाची संधी

नाशिकपुरता विचार केला तर २०२६-२७ चा सिंहस्थ ही या विचाराची कसोटी ठरते. २०१५-१६ च्या सिंहस्थानंतर पुन्हा लक्षावधी यात्रेकरू रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी यावयाचे. गोदावरीचे पाणी घरी नेणे हा यात्रेचा अविभाज्य भाग. पूर्वी ते तांब्याच्या छोट्या गडूत भरून, तोंडाला डाग देऊन बंद करून नेत. आता प्लॅस्टिकचे कॅन आणि बाटल्या विकल्या जातात, आणि त्यांतल्या कितीतरी घाटावरच राहतात.

याचा अर्थ प्रत्येक यात्रेकरूला तांब्याचा गडू घ्यायला लावावे, असा नाही. वर सांगितलेला व्याजाचा प्रश्न येथेही आहे. परंतु काही गोष्टी महापालिकेच्या आणि शासनाच्या सहज आवाक्यातल्या आहेत. आखाड्यांना आणि अन्नछत्रांना लागणारी मोठी भांडी एकदाच वापरून टाकण्याच्या वस्तूंऐवजी भाड्याने द्यावीत, आणि ती घेताना मोडीच्या भावाची हमी करारातच लिहावी. गडूवर ठेव घ्यावी. परत आणणाऱ्याला ठेव मिळावी, नेणाऱ्याकडे धातू राहावा. मोड वितळविणारी भट्टी आणि पत्रा लाटणारी रोलिंग मिल एकेकट्या तांबटाला परवडणारी नाही. ती सामायिक सुविधा म्हणून उभी राहावी. तेथेच धातू तपासण्याची सोय हवी, कारण जुन्या डागात शिसे असते आणि ते पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात जाता कामा नये. परंपरेच्या नावाखाली अशा दोषावर पांघरूण घालणे म्हणजे परंपरेचाच घात होय. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मठारकामाचा, डाग देण्याचा आणि कल्हईचा छोटासा अभ्यासक्रम असावा. तो शिकलेल्या मुलाला सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही मागणी राहील, कारण पत्र्याच्या स्वभावाची जाण तेथेही लागते.

पुण्याच्या तांबट आळीत 'इन्टॅक'च्या आणि रचनाकारांच्या पुढाकाराने मठारकामाला नव्या वस्तूंची जोड मिळाली. जुने कसब दिव्यांत, ताटांत, टेबलावरच्या भांड्यांत उतरले. ते उदाहरण नाशिकला उपयोगी आहे. तथापि धनिकांच्या दिवाणखान्यापुरते हे काम राहिले, तर त्याने कारागिरांची काही घरे चालतील. शहराचे चक्र चालणार नाही. घराघरांतला तांब्या तराजूपर्यंत येत राहिला पाहिजे. त्यासाठी जुन्या धातूवरचा कर नव्या वस्तूवरच्या कराच्या पातळीवर आणणे, ही पहिली आणि सर्वांत स्वस्त सुधारणा ठरेल.

मराठीत मोड या शब्दाला अनेक अर्थ आहेत. भांडे मोडीत जाते. सुट्या पैशांनाही मोड म्हणतात. आणि भिजविलेल्या मटकीला येतो तोही मोडच. नाश, विनिमय आणि अंकुर या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात सांगणाऱ्या भाषेला पुनर्वापराचे तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही. गरज आहे ती त्या तराजूजवळ बसणाऱ्या माणसाला त्याच्या घावाचे दाम मिळण्याची. तो उठून गेला, तर माळ्यावरचे तांबे जगातल्या कोणत्यातरी भट्टीत वितळेलच. पण ते पुन्हा तांब्या होऊन आपल्या घरात येणार नाही.